पॅनेलची अर्थिंग वायर किती जाडीची?

भाऊ, उरलेला वायरचा तुकडा अर्थिंगला लावायची सवय आत्ताच मोड. हिशोब फेजवरून, म्हणजे करंट आणणाऱ्या वायरच्या जाडीवरून धरायचा. दोन्ही तांब्याच्या असतील तर फेज १६ स्क्वेअर एमएमपर्यंत असताना अर्थिंगही तेवढीच; १६ ते ३५ मध्ये १६; त्यावर फेजच्या निम्मी. म्हणजे २५ ला १६, ७० ला ३५. उघडी, पाइपाविना नेलेली वायर ४ पेक्षा बारीक नकोच. मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थिंग दे, नियमच आहे.

पण जाड वायर टाकली म्हणजे झालं, असं समजू नको. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्याचा रेझिस्टन्स (करंटला होणारा अडथळा) वाढतो. तो १० ओहम असेल तर फेज डब्याला चिकटल्यावर २३० व्होल्टला जेमतेम २३ अँपिअर जातात. ३२ अँपिअरची एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) पडणारच नाही, अन् स्टार्टरचा डबा तसाच जिवंत राहतो. ओल्या पायानं मोटर सुरू करायला येणारा शेतकरी त्यालाच हात लावतो. म्हणून शेतातल्या पॅनेलला आरसीसीबी (करंट जमिनीत गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) लावच, खड्ड्यात पाणी ओतायला सांग.

लग (वायरच्या टोकाचा बोल्टखाली कसायचा धातूचा तुकडा) लावण्याआधी डब्याचा रंग खरवडून लोखंड उघडं कर. रंगावर कसलेला बोल्ट मी कितीदा तरी पाहिलाय.