72 तासांची गोळी घेतली, तरी पाळी आली नाही

प्रश्न : मी 22 वर्षांची, ऐरोलीत मैत्रिणींबरोबर राहते. 19 दिवसांपूर्वी कंडोम फाटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 72 तासांची गोळी घेतली. आठवड्याने दोन दिवस डाग पडले. माझी पाळी बरोबर 28 दिवसांनी येते, पण या वेळी तारीख उलटून पाच दिवस झाले. मैत्रीण म्हणते, आणखी एक गोळी घे म्हणजे येईल. घेऊ का?

उत्तर : नको. ही गोळी पाळी आणायची नाही. तिच्यातलं 1.5 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल बीज बाहेर पडणं लांबवतं, एवढंच तिचं काम. बीज आधीच बाहेर पडलं असेल किंवा गर्भ रुजला असेल, तर तिचा उपयोग नाही. म्हणून ती जितक्या लवकर घ्याल तितकी बरी, आणि दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते.

मधे पडलेले डाग हे त्या मोठ्या डोसामुळे. त्यांना पाळी समजू नका. ‘डाग आले, सुटले’ म्हणून निर्धास्त राहिलेल्या मुली फार उशिरा दवाखान्यात येतात, याचं वाईट वाटतं. गोळीने पाळी आठवडाभर मागेपुढे होते, हे खरं. पण तुमच्या तारखा पाहा. संबंध आला तो पाळीच्या तारखेआधी 14 दिवस, म्हणजे बीज बाहेर पडण्याच्या सुमारास. तेव्हा वाट पाहत बसू नका.

मेडिकलमधून प्रेगनन्सी किट आणा. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मोफत मिळतं. उद्या सकाळची पहिली लघवी कोरड्या, स्वच्छ भांड्यात घ्या आणि किटवर लिहिलं असेल तितके थेंब (बहुतेक किटला तीन) खाचेत टाका. पाच मिनिटांनी बघा. दोन रेषा आल्या, दुसरी फिकट असली तरी, दिवस गेलेत असं धरा. किटवरच्या ‘सी’ (C) अक्षरापाशी रेषाच नसेल तर किट बाद. तासाभराने उमटलेली रेषा धरू नका. एकच रेषा आली तर तीन दिवसांनी पुन्हा तपासा, आणि तरीही पाळी नसेल तर आठवड्याने आणखी एकदा.

दिवस गेले असतील तर शेवटच्या पाळीपासून मोजून जेमतेम पाच आठवडे होतात, म्हणजे विचाराला वेळ आहे. ऐरोलीच्या राजमाता जिजाऊ रुग्णालयात किंवा वाशीच्या महापालिका रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गर्भपात हवा असेल तर लग्न झालेलं नसलं तरी चालतं; 18 पूर्ण असल्याने सही फक्त तुमची, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होतो, पण गर्भ पिशवीतच आहे ना हे पाहिल्याशिवाय त्या गोळ्या मेडिकलमधून आणून घेऊ नका. पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

प्रश्न : माझे टीबीचे उपचार चालू आहेत. हीच गोळी मला चालेल का? (ठाणे)

उत्तर : तिच्यावर विसंबू नका. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन यकृताला गोळीतलं हॉर्मोन फार लवकर जाळायला लावतं, त्यामुळे ती कमी पडते. रोजच्या माला-एनचंही तेच. संबंधानंतर पाच दिवसांत तांबी बसवली तर ती सगळ्यात खात्रीची. तिच्यावर या औषधाचा परिणाम होत नाही आणि पुढे काही वर्षं काळजीही मिटते. पुढच्या काळासाठी तांबी नको असेल तर दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. टीबीची गोळी मात्र एकही चुकवू नका.