वाचकांचे प्रश्न : खुर्चीआधी टेप

प्रश्न : गेली तीन वर्षे मी घरूनच काम करते. वेगळी खोली नसल्याने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून रोज आठ-नऊ तास बसते. दुपारनंतर मान आणि दोन्ही खांदे भरून येतात आणि चारच्या सुमारास पाठीमागच्या पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आले की स्क्रीनवरचे काही दिसत नाही. घरच्यांनी पंधरा हजारांची ऑफिसची खुर्ची पाहून ठेवली आहे. ती घ्यावी का? माझी उंची पाच फूट एक इंच आहे.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : खुर्ची घ्यायची तर खुशाल घ्या, पण महिनाभर थांबून. तुमच्या दुखण्याचे मूळ मला टेबलाच्या उंचीत दिसते. जेवणाचे टेबल साधारण 30 इंच उंच असते आणि त्याच्या खुर्चीची बैठक 18 इंचांवर असते. तुमच्या उंचीच्या व्यक्तीचे कोपर अशा खुर्चीत बसल्यावर जमिनीपासून 26-27 इंचांवर येते, म्हणजे टाइप करताना तुम्ही दिवसभर खांदे तीनेक इंच उचलून धरता. जेवताना हे जाणवत नाही, कारण जेवण वीस मिनिटांत आटोपते. टेप घेऊन एकदा स्वतःच मोजून पाहा, कारण प्रत्येकाचे माप थोडे वेगळे येते.

टेबलाचे पाय कापता येणार नाहीत, तेव्हा बैठक वर घ्यावी लागेल. त्यासाठी तीन इंच जाडीची घट्ट फोमची गादी कापून घ्या. कापसाची उशी नको, ती आठवड्यात दबून चपटी होते. कोपर टेबलाच्या पातळीत आले की पाय अधांतरी लोंबकळू लागतील आणि खुर्चीची कड मांडीखाली रुतेल, म्हणून पायांखाली पाच-सहा इंच उंचीचे एखादे बुटके स्टूल ठेवा. (घरात चौरंग असतो, पण तो पूजेचा असेल तर सासूबाईंना विचारल्याखेरीज त्यावर पाय ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही.)

मानेचे दुखणे मात्र यानेही थांबणार नाही. लॅपटॉपचा कीबोर्ड आणि स्क्रीन एकमेकांना जोडलेले असल्यामुळे हात सुखात ठेवले तर मान वाकते आणि मान सरळ ठेवली तर हात वर जातात. पंधरा हजारांच्या खुर्चीलाही ही अडचण सोडवता येत नाही. त्यामुळे वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्या, आणि स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली येईल इतका लॅपटॉप उचला. त्याखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठाही चालतो, आमच्याकडे तोच आहे. स्क्रीन हातभर अंतरावर असू द्या. प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वरून दूरचे आणि खालून जवळचे दिसणारा) असेल तर ती आणखी एक-दोन इंच खाली घ्या, नाहीतर खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर जाते आणि मान मागच्या बाजूने दुखू लागते.

उन्हाचा उपाय फुकटचा आहे. खिडकी डाव्या किंवा उजव्या बाजूला येईल असे टेबल काटकोनात फिरवा. ती समोर घेऊ नका, कारण स्क्रीनच्या मागून येणाऱ्या झगझगाटापुढे डोळे तेवढेच शिणतात. टेबल फिरवताना पंख्याचा झोत थेट चेहऱ्यावर येणार नाही हेही पाहा. स्क्रीनकडे पाहताना पापण्या मुळातच कमी लवतात, त्यात वारा लागला की डोळे चुरचुरतात.

एवढे करून महिन्याभरानंतरही पाठ दुखली, तर कमरेला आधार देणारी आणि उंची बदलता येणारी खुर्ची दुकानात अर्धा तास बसून पाहा आणि मगच घ्या. हातांना किंवा बोटांना बधिरपणा येत असेल, तर खुर्चीच्या आधी डॉक्टर गाठा.

प्रश्न : चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या कडेला मनगट टेकले की मुंग्या येतात. लॅपटॉप बिघडला आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बहुधा नाही. चार्जरमधून अगदी थोडा प्रवाह बाहेरच्या धातूपर्यंत येतो आणि अर्थिंग नसेल तर तो तुमच्या हातातून वाट काढतो. चार्जरची पिन तीन टोकांची असेल, तर ती दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये किंवा स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डात न खोचता सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. तरीही मुंग्या येत असतील, तर इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्या, कारण जुन्या इमारतींत तिसरे भोक असते, पण त्यामागे तार नसते. मुंग्यांऐवजी झटका बसला, तर चार्जर तत्काळ काढा आणि तपासणी होईपर्यंत पुन्हा लावू नका.