परदेशातल्या परिषदेत काम करून परत आल्यावर सगळं पोकळ वाटतंय. आयुष्याचा हेतू कसा शोधायचा?

तुम्ही लिहिलंय की परदेशातल्या एका मोठ्या हवामान परिषदेत नोंदणी कक्षात काम केलं, जगभरची माणसं जवळून पाहिली, आणि मंगळवेढ्याला परत आल्यापासून कशातच मन लागत नाही. तिथे नुसतं बोलणं चालतं म्हणून ते खोटं वाटतं, इथे काही हलत नाही म्हणून हेही नकोसं वाटतं. मग आयुष्य कशासाठी, असं तुम्ही विचारलंय.

मी सोलापूरची. दर वर्षी जूनमध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरते, कामगारांच्या हक्कांबद्दलचे देशोदेशींचे करार तिथे ठरतात. तिथे तात्पुरत्या नेमणुकीवर मी इतिवृत्त लिहिते. बाकीचं वर्ष सोलापुरात असते, भाषांतराची कामं करते. तुमची घालमेल मला चांगली कळते. माझं मत आधीच सांगून टाकते: परिषदेत हेतू सापडत नाही, तो घरून घेऊन जावा लागतो. पण तो बरोबर असला की तिथलं अगदी कंटाळवाणं कामही जीव लावून करावंसं वाटतं.

हे काम दिसतं कसं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. समितीत सरकार, मालक आणि कामगार असे तीन गट बसतात. कराराच्या मसुद्यातलं एकेक कलम पडद्यावर येतं. कुणीतरी दुरुस्ती सुचवतं, दुसरा गट विरोध करतो, अध्यक्ष तोडगा विचारतात, आणि जमलं नाही तर तो मजकूर उद्यावर जातो. एका परिच्छेदात अख्खी दुपार गेलेली मी पाहिली आहे. वर काचेच्या खोल्यांत दुभाषे बसतात आणि साधारण अर्ध्या तासाने एकमेकांना सोडवतात, कारण त्याहून जास्त वेळ तो ताण झेपत नाही. मी खाली बसून टिपणं घेते आणि पाळी संपली की ती नीट लिहून काढते: कोण बोललं, कुणाच्या वतीने बोललं, हरकत नेमकी कशाला घेतली. मला तिथे मत नाही, बोलायचा अधिकार नाही. रात्रीची बैठक लांबली तर ट्रामने सीमेपलीकडच्या फ्रान्समधल्या खोलीवर जायचं, कारण जिनिव्हातलं भाडं आमच्यासारख्यांना परवडत नाही. यात भव्यदिव्य काही नाही.

आता मी यात का टिकले ते. माझी अम्मा विड्या वळायची. आमच्या पूर्व भागात घरोघरी हेच होतं. सूतगिरण्यांत पुरुषांचं काम गेलं तेव्हा कितीतरी घरं या बायकांच्या सुपावर चालली. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापायची, मग मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायची, वळायची, दोऱ्याने बांधायची, टोकं नखाने दुमडायची. अम्माच्या उजव्या अंगठ्याचं नख कायम पिवळं असायचं आणि कडेला झिजलेलं. दिवसाला हजार विड्या व्हाव्यात म्हणून शाळेतून आल्यावर आम्ही बहिणी टोकं दुमडायला बसायचो.

मग विड्या घेऊन कारखान्याच्या ब्रँचला जायचं, म्हणजे माल जमा करायच्या ठिकाणी. तिथला तपासणारा माणूस मूठभर विड्या उचलून बघायचा आणि त्यातल्या बऱ्याच छाट म्हणून बाजूला टाकायचा. छाटीचे पैसे मिळायचे नाहीत. विड्या मात्र तो परत द्यायचा नाही, तिथेच ठेवून घ्यायचा. अम्माच्या पुस्तकात पानं किती दिली, तंबाखू किती दिला आणि विड्या किती घेतल्या एवढंच लिहिलं जाई. छाट गेलेल्या विड्यांची ओळ त्या पुस्तकात नसायचीच. म्हणजे बाईने काम केलं, माल ब्रँचमध्ये गेला, पण कागदावर ते काम झालंच नाही. मी दारात उभी राहून ते पुस्तक वाचायचे, कारण अम्माला मराठी अक्षरं वाचता येत नसत. आयुष्यात मला काय करायचं आहे हे त्या दारात कळलं, असं आज म्हणता येईल. तेव्हा फक्त राग यायचा.

विडी कामगारांसाठी आपल्याकडे १९६६ मध्ये कायदा झाला आणि घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा कामगार मानली गेली. पुढे भविष्य निर्वाह निधीही लागू झाला. पण त्यातून सुटायला एक वाट काढली गेली: ठेकेदाराने बाईला पानं-तंबाखू ‘विकायचं’ आणि तिच्याकडून विड्या ‘विकत घ्यायच्या’. कागदावर ती कामगार उरली नाही, धंदा करणारी झाली. मग मजुरीचा दर नाही, निधी नाही, काहीच नाही.

जिनिव्हात गेल्यावर मी १९९६ चा घरबसल्या कामाबद्दलचा करार पहिल्यांदा पूर्ण वाचला, १७७ क्रमांकाचा. अहमदाबादच्या ‘सेवा’ या कष्टकरी बायकांच्या संघटनेने आणि तिच्या संस्थापक इला भट्ट यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता. त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलंय की मालकाने ठरवून दिलेला माल जी व्यक्ती मोबदल्यासाठी घरी बनवते ती घरबसली कामगार, मग साधनं आणि कच्चा माल कुणीही पुरवलेला असो. ते वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ‘पानं तूच विकत घेतलीस’ ही आमच्या गल्लीतली पळवाट त्या कलमाने बंद केली होती. हे आपोआप झालं नाही. कुणीतरी त्या सभागृहात बसून, आकडे आणि उदाहरणं मांडून, विरोध पचवून ते तिथे घालून घेतलं. आणि कुणीतरी ती चर्चा लिहून ठेवली म्हणून इतक्या वर्षांनी मला ती समजून घेता आली.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही. जगातही मोजक्याच देशांनी स्वीकारलाय. बरोबर आहे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण २०२५ च्या जूनमध्ये जिनिव्हात ॲपवरून मिळणाऱ्या कामावर पहिली चर्चा झाली तेव्हा तोच वाद नव्या कपड्यांत समोर आला: हा मुलगा कामगार की स्वतंत्र धंदेवाला? माझा भाचा सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत मोटारसायकलवर जेवणाचे डबे पोचवतो. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, मोबाइल त्याचा. ॲप त्याला भागीदार म्हणतं. साधनं कुणाची यावरून माणूस कामगार आहे की नाही ठरवू नये, हे १९९६ मध्ये लिहून ठेवलेलं होतं, म्हणून यावेळी शून्यापासून सुरुवात करावी लागली नाही. करार करायचा आणि त्याला बंधनकारक नसलेल्या शिफारशीची जोड द्यायची एवढं त्या वर्षी ठरलं, दुसरी चर्चा २०२६ वर गेली. वेग हा असाच असतो. तुमच्या हवामान परिषदेतही तुम्ही हाच वेग पाहिला असणार, आणि तो पाहून उबग येणं साहजिक आहे.

म्हणून तिथलं काम पोकळ आहे, हे मला पटत नाही. अपुरं आहे, हे मात्र शंभर टक्के पटतं. उरलेलं काम जमिनीवरच होतं. आमच्या शहराजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची १०,००० घरं उभी राहिली, २००६ मध्ये त्यांच्या चाव्या मिळाल्या. ती कुठल्या आंतरराष्ट्रीय ठरावाने मिळाली नाहीत. संघटना, मोर्चे आणि वर्षानुवर्षं मारलेल्या खेपा यांतून मिळाली. दोन्ही कामं खरी आहेत. तुमचा त्रास मला वाटतं एवढाच आहे की तुम्ही त्यातल्या एकाला दुसऱ्याच्या मापाने मोजताय.

आणि हेतूबद्दल. सोलापूरच्या माणसाला या विषयात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण होणारच. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. बाकीचे परतले, कोटणीस थांबले. बेथून रुग्णालयाचे ते संचालक झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, वय अवघं ३२. शाळेत आम्हाला हे त्यागाची गोष्ट म्हणून सांगितलं जायचं. मला मोठेपणी त्यात वेगळंच दिसलं. जायचं ठरलं तेव्हा तिथे जखमी सैनिक होते आणि शस्त्रक्रिया येणारी माणसं हवी होती, तेवढं कारण पुरलं. पुढचं आयुष्य कामातून कामाला जोडत गेलं. सगळा अर्थ आधी स्पष्ट व्हावा आणि मग पाऊल उचलावं, अशी वाट त्यांनी पाहिली असती तर ते इथेच राहिले असते.

माझा हेतू छोटा आहे: केलेलं काम नोंदीतून गळू नये. सोलापुरात असले की संध्याकाळी मी विडी कामगार बायकांचे निधीचे कागद बघते. निम्म्या अडचणी नावाच्या असतात. आधारवर ‘नरसम्मा’, निधीच्या नोंदीत ‘नरसाबाई’, बँकेत तिसरंच. वीस-तीस वर्षं विड्या वळलेली बाई तेवढ्यावरून पेन्शनसाठी हेलपाटे घालते. एकेक कागद जुळवायचा, अर्ज लिहायचा, अंगठा घ्यायचा, पोच घ्यायची. हे आणि जिनिव्हातलं काम मला वेगळं वाटतच नाही. त्यामुळे इथून तिथे गेल्यावर मी हरवत नाही आणि तिथून आल्यावर रिकामी होत नाही.

तुमचा हेतू हाच असावा असं मुळीच नाही. पण तुम्ही मंगळवेढ्याचे आहात आणि हवामानाच्या परिषदेत काम केलंय, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्याकडची काळी जमीन आणि परतीच्या पावसाची ओल यांवर ज्वारी येते, विहिरीचं पाणी नसतानाही येते. तो पाऊस पुढे-मागे झाला की पेरणीचं गणित बिघडतं. हे तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना तुमच्या त्या परिषदेतल्या पुष्कळ पाहुण्यांपेक्षा जास्त बारकाईने माहीत आहे. त्यांच्याकडे बसा. कुठल्या नक्षत्रावर पेरायचे, आता केव्हा पेरतात, कुठल्या वर्षी दुबार पेरणी केली, कडबा किती निघाला, हे त्यांच्या शब्दांत लिहून काढा. दहा-बारा शेतकऱ्यांचं झालं की हवामान परिषदेतले बदलांशी जुळवून घेण्याबद्दलचे मसुदे उघडून वाचा, ते संकेतस्थळावर सगळ्यांना खुले असतात. तुमच्या वहीतलं त्यात काय आलंय आणि काय सुटलंय ते बघा. पुढच्या परिषदेचं बोलावणं आलं तर जरूर जा, नोंदणी कक्षातलंच काम असलं तरी जा, आणि ती वही बरोबर न्या. मसुद्यांची भाषा किचकट असते, कुठे अडलं तर इथेच विचारा, मी सांगेन.