आईला मानवलेलं विजयाचं तेल गरोदर बहिणीला का नको?

तुम्ही विचारलंय की आईला सायटिकासाठी वैद्यांनी विजयाचं, म्हणजे भांगेच्या पानांच्या अर्काचं तेल दिलं आणि तिला बऱ्याच दिवसांनी रात्रभर झोप लागली. आता बहिणीला चौथा महिना आहे, कंबर ठणकते, तर तिलाही त्यातलेच दोन थेंब जिभेखाली दिले तर काय बिघडलं?

नका देऊ. एक थेंबही नको.

मी औषध लिहून देणारी डॉक्टर नाही. मज्जारज्जूतून वेदनेचा निरोप मेंदूकडे कसा जातो, या विषयात माझी पीएचडी झाली आणि त्या कामात कॅनाबिनॉइडशी, म्हणजे भांगेतल्या रसायनांशी, बरीच वर्षं संबंध आला. म्हणून कारण सांगते. नुसतं ‘पोटुशीला चालत नाही’ म्हटलं तर घरात कुणी ऐकत नाही, आणि बाटलीवर ‘आयुर्वेदिक’ लिहिलेलं असलं की तर नाहीच.

आधी आईला बरं का वाटलं ते बघू. भांगेतली नशा टीएचसी या रेणूमुळे येते. 1964 मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी या रसायनशास्त्रज्ञांनी तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्यासाठी लागलेला 5 किलो हशीश मेशुलाम यांनी पोलिसांकडून घेतला होता आणि चक्क बसमधून प्रयोगशाळेत आणला होता. पुढचा प्रश्न असा होता की एका झाडातला रेणू आपल्या मेंदूत नेमका कुठे जाऊन बसतो? 1988 मध्ये उंदरांच्या मेंदूत ती जागा सापडली. तिला सीबी-1 रिसेप्टर म्हणतात. भांगेसाठी काही शरीर अशा जागा राखून ठेवणार नाही, म्हणजे आपल्या आतच असं काहीतरी तयार होत असणार. 1992 मध्ये मेशुलाम यांच्याच गटाला डुकराच्या मेंदूत तो रेणू मिळाला आणि त्याला नाव दिलं गेलं ‘आनंदामाइड’. आपल्या ‘आनंद’ या शब्दावरूनच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं.

शरीरातले असे रेणू काम करतात ते उलट्या दिशेनं. पायाची शीर दबली की तिथली मज्जापेशी मज्जारज्जूतल्या पुढच्या पेशीला निरोप देते, ती त्याच्या पुढच्या पेशीला. एरवी निरोप असा एकाच दिशेनं जातो. पण ऐकणाऱ्या पेशीवर फार मारा झाला, तर ती आपल्याच पातळ आवरणातल्या चरबीपासून कॅनाबिनॉइड बनवते आणि मागे सोडते. तो मागच्या पेशीच्या टोकावरच्या सीबी-1 वर बसतो, त्या टोकात कॅल्शियम शिरणं कमी होतं आणि पुढचा निरोप मंदावतो. थोडक्यात, ऐकणारा बोलणाऱ्याला म्हणतो, ‘कळलं, आता पुरे.’ 2001 मध्ये अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या गटांनी हे दाखवून दिलं. या ‘पुरे’मागची शिस्त लक्षात घ्या: हवा तेव्हा, हवा तिथेच बनतो, आणि काम झालं की एन्झाइम त्याला लगेच मोडून टाकतात.

टीएचसी त्याच सीबी-1 वर बसतो, पण ही शिस्त पाळत नाही. तो सगळीकडे पसरतो, चरबीत मुरतो आणि दिवसेंदिवस शरीरात राहतो. आईच्या मज्जारज्जूत आणि मेंदूत त्यानं वेदनेचा आवाज खाली आणला असेल, झोपही दिली असेल. तिचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. तरीही जुनाट दुखण्यासाठी कॅनाबिनॉइड सरसकट वापरावेत इतका पुरावा नाही, असं वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे. तेव्हा तिचं तेलही वैद्यांच्या आणि तिच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या नजरेखाली असू द्या. बाकीच्या गोळ्यांबरोबर त्याचं जमतंय का, हे विचारा.

आता बहीण. खरं म्हणजे, तिच्या पोटातलं बाळ.

चौथ्या महिन्यातल्या गर्भाच्या मेंदूत सीबी-1 असतो. पण तिथे अजून धड वेदनेची यंत्रणाच उभी राहिलेली नाही, मग तो तिथे करतो काय? मेंदूची वायरिंग. नवी मज्जापेशी जन्मली की तिला एक लांब तार फुटते आणि ती तार मेंदूतून वाट काढत आपल्या जोडीदार पेशीपर्यंत पोचते. तारेचं टोक काकडीच्या वेलाच्या शेंड्यासारखं असतं, चाचपडत, वळत, आधार शोधत जाणारं. त्या शेंड्यावरच सीबी-1 बसलेला असतो. आसपासच्या पेशींनी सोडलेला कॅनाबिनॉइड त्याला लागला की शेंडा आक्रसतो किंवा वळतो: इकडे नको, तिकडे जा. मेंदूच्या वाढीचे अभ्यासक तिबोर हारकानी यांच्या गटानं 2007 मध्ये हे उंदरांच्या पेशींवर दाखवलं. माझ्यासाठी या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे, आणि तुम्हाला मनापासून ‘नको’ म्हणण्याचं कारणही हीच आहे. मोठ्या माणसात जो रेणू ‘पुरे’ म्हणतो, तोच गर्भात ‘इथून वळ’ म्हणतो.

टीएचसी वार, म्हणजे प्लासेंटा, ओलांडून बाळापर्यंत जातो. मग तो वाट दाखवणारा निरोप एका जागेवरून न येता चहूकडून येऊ लागतो. शेंड्यानं वळायचं कुठे? 2014 मध्ये त्याच गटानं गाभण उंदरिणींना टीएचसी दिला, तेव्हा पिल्लांच्या मेंदूत तारांची वाढ सांभाळणारं स्टॅथमिन-2 हे प्रथिन कमी झालेलं दिसलं. ज्या बायकांनी गरोदरपणात गांजा घेतला होता, त्यांच्या गर्भांच्या मेंदूतही तेच आढळलं.

अमेरिकेत 11 हजारांहून जास्त मुलांच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांच्या आयांनी गरोदर असल्याचं कळल्यावरही गांजा घेतला होता, त्या मुलांमध्ये लक्ष न लागणं आणि वागणुकीच्या अडचणी थोड्या जास्त दिसल्या. फरक मोठा नव्हता. शिवाय अशा आया बऱ्याचदा सिगारेटही ओढतात, त्यामुळे दोष कशाचा किती हे वेगळं काढणं अवघड जातं. पण दोन थेंबांचा सुरक्षित आकडा कुणीही काढलेला नाही, आणि तो काढायला कुणी गरोदर बायकांवर प्रयोग करणारही नाही. सीबीडी हे भांगेतलंच, पण नशा न आणणारं दुसरं रसायन; ‘यात फक्त सीबीडी आहे, नशा नाही’ असं दुकानदार म्हणाला तरी उत्तर तेच. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2019 मध्ये गरोदरपणात टीएचसी आणि सीबीडी दोन्ही टाळायला सांगितलं आहे.

बहिणीचं दुखणं मात्र खरं आहे, ते ‘या दिवसांत होतंच’ म्हणून उडवून लावू नका. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले व्यायाम, आणि लागलीच तर डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, इथून सुरुवात होते. घरात पडलेली आयब्युप्रोफेनसारखी गोळी मनानं देऊ नका; 20 आठवड्यांनंतर ती बाळाच्या मूत्रपिंडांना त्रास देऊ शकते. कंबरदुखीबरोबर ताप, लघवीला जळजळ, रक्त जाणं, पायात बधिरपणा किंवा ठरावीक वेळानं कळा येत असतील, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

आणि तुम्ही विचारण्याआधीच तिनं एकदोनदा घेतलं असेल, तर तिला रागावू नका, घाबरवूही नका. आजपासून बंद करा आणि तिच्या डॉक्टरांना बाटली दाखवून खरं सांगा. बाळंतपणानंतर दूध पाजतानाही हे तेल नको, कारण शेवटचा गांजा घेतल्यानंतर सहा दिवसांपर्यंत टीएचसी अंगावरच्या दुधात सापडलेला आहे. बाटली आईच्याच कपाटात राहू द्या, आणि बाळ रांगायला लागेल तेव्हा ती वरच्या फळीवर हलवा.