वही आधी माळ्यावरून खाली काढा

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलीला बारावी सायन्सला 84 टक्के आहेत, गुजसेट ही गुजरातची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षाही दिली आहे. आता ती म्हणते, एम. एस. युनिव्हर्सिटीत बी.ए.ला राज्यशास्त्र घ्यायचं आणि शेजारच्या देशांत लोकशाही कशी आली, कुठे रुजली, कुठे मोडली याचा अभ्यास करायचा. वडील लिहितात, "इंजिनिअरिंग घेतलं तरच फी भरीन, असं सांगितलंय. तिची कात्रणांची वही माळ्यावर टाकली. हे सगळं रोज पेपरात येतं, त्यासाठी डिग्री कशाला? तुम्हीच तिला समजवा."

नमस्कार.

समजवायचं आहे ते तुम्हाला. तिच्या टक्क्यांची मला काळजी नाही, त्या वहीची आहे. पत्रात मार्क आहेत, फी आहे, नातेवाईक काय म्हणतील तेही आहे. तिला हा विषय का आवडतो, हे मात्र कुठेच नाही. तुम्ही विचारलेलंच दिसत नाही. फीची अट घालून मुलीची आवड बदलत नाही, ती तुम्हाला काही सांगायचं तेवढं बंद करते. अशा अटीवर इंजिनिअरिंगला गेलेली आणि पुढे एटीकेटीत अडकलेली मुलं माझ्यासमोर येऊन बसतात. तेव्हा शेजारी बसलेले वडील म्हणतात, "आम्हाला कधी बोललाच नाही."

आता पेपराचं. 2008 साली नेपाळने राजेशाही संपवली आणि त्याच वर्षी भूतानमध्ये राष्ट्रीय सभेची पहिली निवडणूक झाली. पेपरात या दोन बातम्या. अभ्यासात मात्र इथून प्रश्न सुरू होतात. नेपाळमध्ये दहा वर्षं सशस्त्र संघर्ष झाला, मग 2006 चं जनआंदोलन, तेव्हा कुठे राजा गेला. भूतानमध्ये राजानेच पुढाकार घेऊन लोकांना मतदानाला आणलं. मग वरून दिलेली लोकशाही जास्त टिकते का? आणि 1990 च्या दशकात ज्या लाखभर नेपाळीभाषक भूतानींना देश सोडून पूर्व नेपाळच्या छावण्यांत राहावं लागलं, त्यांना त्या मतदानात जागा कुठे होती? निवडणूक झाली म्हणजे लोकशाही आली, हा आपल्यातल्या बहुतेकांचा समज इथे कोसळतो. देशांना नंबर देणं म्हणजे तुलना नव्हे. सारख्या परिस्थितीतून वेगळं का घडलं, याची कारणं शोधावी लागतात आणि पुराव्याने मांडावी लागतात.

त्या पुराव्यासाठी संख्याशास्त्र लागतं, म्हणून तिचं बारावीचं गणित वाया जाणार नाही. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेतल्या 'लोकनीती' गटाने दक्षिण आशियातल्या पाच देशांत लोकशाहीबद्दल सर्वेक्षण केलं होतं. असं काम करायचं तर आकडेवारी हाताळता आली पाहिजे. तिने बी.ए.बरोबर संख्याशास्त्र आणि नेपाळी किंवा बांग्ला शिकावी.

यूपीएससी आहे, प्राध्यापकीसाठी नेट परीक्षा आहे, ते रस्ते तुम्हाला माहीत आहेत. पण कलेक्टर होईल म्हणून परवानगी देऊ नका, ती दुसरी अटच झाली. या क्षेत्रात कमाई उशिरा सुरू होते, एम.ए.शिवाय फारसं काही हाती लागत नाही, हे तिलाही स्पष्ट सांगा. घरची ऐपत किती वर्षांची आहे, तो आकडा तिच्यासमोर ठेवा. तो ऐकण्याइतकी ती मोठी आहे.

बी.ए.चा फॉर्म तिला आजच भरू द्या, आणि वही तुम्ही स्वतः खाली काढून तिच्याकडून एक कात्रण समजून घ्या. मध्ये बोलू नका. त्यानंतरही शंका राहिली तर दोघं मिळून या.