वाचक विचारतात: ब्रिस्बेन ते केर्न्स, दोघांनीच, गाडीने

प्रश्न: माझं वय ६७, सौ. ६३. मुलगा ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला असतो. यंदा तिकडे गेलो की ब्रिस्बेन ते केर्न्स किनाऱ्या-किनाऱ्याने दोघांनीच गाडीने जायचं मनात आहे. मुलगा म्हणतो, चार दिवस पुरेत. दिवाळी करून निघालो तर चालेल का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: चार दिवस हे मुलाच्या वयाचं गणित झालं. ब्रूस हायवेने ब्रिस्बेन ते केर्न्स साधारण १,७०० किलोमीटर भरतं. किनाऱ्यावरच्या गावांत आत-बाहेर केलं की १,८०० च्या पुढे जातं. तुम्ही १८ रात्री धरा.

दिवाळीनंतर मात्र नकोच. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिथला पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. उत्तरेकडे दमट उकाडा असतो, समुद्रात विषारी जेलीफिश येतात आणि पूर आला की ब्रूस हायवे मधेच बंद पडतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ पाणी आलं आणि पुणे-बंगळूर महामार्ग कसा ठप्प झाला, ते कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. तिकडे फरक एवढाच, की बहुतेक ठिकाणी दुसरा जवळचा रस्ताच नसतो. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत जा. हवा कोरडी, दिवस ऊबदार. ब्रिस्बेनकडच्या रात्री गार असतात, तेवढे स्वेटर घ्या.

मुक्काम असे पाडा. हार्वी बे (२९० कि.मी.) दोन रात्री, जुलै ते ऑक्टोबर तिथे हंपबॅक देवमासे दिसतात. बंडाबर्ग (१२० कि.मी.) एक रात्र. रॉकहॅम्प्टन (२९० कि.मी.) दोन, हे गाव मकरवृत्तावर आहे. मकाय (३३५ कि.मी.) दोन, एअर्ली बीच (१५० कि.मी.) तीन, टाउन्सव्हिल (२७५ कि.मी.) दोन, मिशन बीच (२३५ कि.मी.) दोन आणि केर्न्स (१४० कि.मी.) चार. गाडी केर्न्सला सोडून विमानाने परत या. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात गाडी सोडण्याचे जादा पैसे लागतात, ते बुकिंग करतानाच विचारून ठेवा.

यातला अवघड दिवस एकच, रॉकहॅम्प्टन ते मकाय. रस्ता वाईट आहे म्हणून नव्हे. तासन्‌तास तीच झाडी, गावं विरळ, मोबाइलला रेंज नाही, आणि डोळा लागतो. इतका, की झोप उडावी म्हणून तिथल्या क्वीन्सलंड राज्याच्या सरकारने अशा रस्त्यांवर सामान्यज्ञानाचे प्रश्न लिहिलेल्या पाट्या लावल्यात. प्रश्न एका पाटीवर आणि उत्तर काही किलोमीटर पुढच्या पाटीवर! म्हणून आदल्या दिवशी रॉकहॅम्प्टनला पूर्ण विश्रांती, सकाळी टाकी भरून सातला निघायचं आणि दर दीड तासाला गाडीतून उतरून चालायचं.

किलोमीटरपेक्षा सूर्याकडे लक्ष ठेवा. जूनमध्ये कोल्हापुरात सूर्य सातनंतर मावळतो, ब्रिस्बेनला पाचलाच. चहा-नाश्ता निवांत उरकून दहाला निघायचं आणि रात्री नऊला पोहोचायचं, ही आपली सवय तिथे चालणार नाही. तिन्हीसांजेला कांगारू आणि वॉलबी (लहान जातीचे कांगारू) रस्त्याकडेला चरायला येतात आणि दिव्याच्या झोतात उलट गाडीच्याच दिशेने उडी घेतात. समोर आला तर ब्रेक दाबा, स्टिअरिंग हिसकू नका. गाडी उलटते ती हिसक्याने. चारच्या आत मुक्कामी पोहोचायचं.

प्रश्न: मी ३५ वर्षं गाडी चालवतोय. तिकडेही डाव्याच बाजूने चालवतात. मग वेगळं काय शिकायचं? आपलं लायसन्स चालतं का?
— एक निवृत्त बँक अधिकारी, ताराबाई पार्क

उत्तर: पर्यटक म्हणून चालतं, ते वैध आणि इंग्रजीत असलं पाहिजे. तरी कोल्हापूरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. तो एक वर्ष चालतो. पूर्वी त्यासाठी व्हिसा दाखवावा लागे, ती अट २०२१ मध्ये काढली. गाडी चालवताना मूळ लायसन्स जवळ हवंच, नुसत्या परवान्याला किंमत नाही.

बाजू डावीच असल्यामुळे आपला माणूस निर्धास्त होतो आणि तिथेच चुकतो. पहिली चूक डाव्या वळणाची. लाल दिवा असताना डावीकडे वळायचं नाही, तशी स्पष्ट पाटी असेल तरच. ‘फ्री लेफ्ट’ डोक्यातून काढून टाका. दुसरी यू-टर्नची: सिग्नलवर तशी परवानगीची पाटी नसेल तर मनाई. तिसरी गोल चौकाची. चौकात आधीच शिरलेल्या गाडीला वाट द्यायची. ताराराणी चौकात आपण जसं नाक घालून बघतो, तसं तिथे केलंत तर समोरचा थांबणार नाही, कारण तुम्ही थांबाल हे त्याने धरलेलंच असतं.

बेल्ट दोघांनाही लागतो आणि तो खांद्यावरूनच हवा. काखेखालून घेतलेला किंवा पदराखाली नुसता अडकवलेला पट्टा वरचे कॅमेरे टिपतात, आणि पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पट्ट्याचा दंड चालकालाही होतो. मोबाइल मांडीवर ठेवला तरी तोच कॅमेरा. रस्त्याकडेला गाडी उभी करताना तोंड वाहतुकीच्या दिशेनेच हवं. हॉर्न जवळजवळ विसरा.

जिंपीच्या पुढे हायवे बहुतेक ठिकाणी एकेरी, म्हणजे जायला एक पदर आणि यायला एक. वेगमर्यादा बहुतांशी १००. तुम्हाला ८५ बरे वाटत असतील तर खुशाल ८५ ने जा, पण काही किलोमीटरवर ओव्हरटेकिंगसाठी जादा पदर येतो तिथे डावीकडे राहून मागच्यांना जाऊ द्या. मागे दुहेरी ट्रेलरचा ट्रक लागला म्हणून घाबरून वेग वाढवू नका.

पेट्रोल स्वतः भरायचं, मग आत जाऊन पंपाचा नंबर सांगून पैसे द्यायचे. पेट्रोल की डिझेल, ते टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, भरण्याआधी वाचा. ब्रिस्बेनमधल्या टोलनाक्यांवर रोख घेत नाहीत. गाडीवाल्या कंपनीच्या टॅगवर टोल पडतो आणि वर सेवाशुल्क लागतं. आणि हो, अनामतीसाठी क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. काउंटरवर मुलाचं कार्ड पुढे केलं की अडतं, हे नेहमीचं.

प्रश्न: कॅम्परव्हॅन घ्यावी की साधी गाडी? व्हॅनमध्ये स्वयंपाक करता येईल, हॉटेलचा खर्च वाचेल.
— एक निवृत्त शिक्षिका, गडहिंग्लज

उत्तर: साधी ऑटोमॅटिक गाडी घ्या आणि कॅरॅव्हान पार्कमधल्या, म्हणजे घर-गाड्यांच्या तळावरच्या, केबिनमध्ये उतरा. केबिनला शेगडी, फ्रिज आणि भांडी असतात. संडास-बाथरूम आत आहे का, ते बुकिंग करताना बघा. स्वस्त केबिनला नसतं.

कॅम्परव्हॅनची हौस कळते, पण कामं मोजा. रोज वीज जोडायची, पिण्याचं पाणी वेगळ्या पाइपने भरायचं, सांडपाण्याची टाकी ठरलेल्या जागीच ओतायची. संडासाची पेटी दोन-तीन दिवसांनी ओढून बाहेर काढून रिकामी करावी लागते आणि भरलेली पेटी चांगलीच जड असते. पाठदुखी असलेल्याने त्या वाटेला जाऊ नये. रात्री बिछाना घालायला टेबल मोडायचं, सकाळी पुन्हा मांडायचं. एवढं करून घ्यायचीच ठरवली, तर गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. मॉलच्या छताखालच्या पार्किंगमध्ये शिरताना टप फाटतो, आणि टपाचं नुकसान बऱ्याच विम्यांत धरलेलंच नसतं. निघण्याआधी गॅसचा कॉक बंद.

स्वयंपाकासाठी आणखी एक सोय आहे. बागांत आणि किनाऱ्यांवर विजेची सार्वजनिक बार्बेक्यू शेगडी फुकट असते. बटण दाबलं की पत्रा तापतो. त्यावर थालीपीठ छान होतं, भाकरी होत नाही, आच पुरत नाही. काही मिनिटांनी शेगडी आपोआप बंद होते, पुन्हा बटण दाबायचं. आधी कुणी त्यावर गोमांस भाजलेलं असू शकतं. चालत नसेल तर ॲल्युमिनियम फॉइल अंथरा.

प्रश्न: आम्ही ऊसवाले. तिकडे वाटेत ऊस दिसतो म्हणतात. जवळून बघायला मिळेल का? बेणं आणता येईल का?
— एक शेतकरी, शिरोळ

उत्तर: बेणं आणायचा विचार सोडा. परवान्याशिवाय भारतात आणणं बेकायदा आहेच, शिवाय क्वीन्सलंडमध्ये एका ऊसविभागातून दुसऱ्यात रोप न्यायलाही निर्बंध आहेत. टली भागात २०१५ मध्ये केळीवरचा पनामा रोगाचा घातक प्रकार सापडला, तेव्हापासून कुणाच्या बुटाची माती आपल्या रानात येऊ नये म्हणून तिथला शेतकरी जपतो. न विचारता शेतात पाय टाकू नका. रस्त्याकडेचं कांडं मोडून चघळणं आपल्याकडे कुणी मनावर घेत नाही, तिकडे घेतात.

बघायला मात्र भरपूर मिळेल. बंडाबर्ग, मकाय, प्रोसरपाइन, बर्डेकिन, इंगहॅम, टली, इनिसफेल असा उसाचा पट्टाच आहे. गाळप साधारण जून ते नोव्हेंबर, म्हणजे तुमच्या प्रवासाच्या वेळी हंगाम भरात. तोडणीच्या टोळ्या नाहीत. हार्वेस्टर ऊस तोडतानाच वीतभर कांड्या करतो. कांड्या झाल्या की साखर लवकर घटते, म्हणून त्या लगेच लहान रेल्वेने कारखान्याला जातात. ही रेल्वे ६१० मिलिमीटर रुंदीची, आणि तिचं जाळं सुमारे ४,००० किलोमीटरचं. चालकाने लक्षात ठेवायचं ते हे, की ती हायवे आणि गावरस्ते ओलांडते, रात्रंदिवस चालते, आणि सगळ्या फाटकांना दिवे नसतात. रात्री काळे डबे दिसतच नाहीत. गाडी लांबलचक असते, तिला पटकन थांबता येत नाही. फाटक दिसलं की वेग कमी करून दोन्हीकडे बघा.

पैसे कसे देतात हे विचाराल तर, आपल्याकडे एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर ठरते, १०.२५ टक्के पायाभूत धरून. तिकडे ज्याच्या-त्याच्या उसाचा रस तपासतात आणि त्याच्या साखरेच्या अंशावर, ज्याला ते सीसीएस म्हणतात, पैसे ठरतात. जुन्या सूत्रात त्यातून ४ वजा करून पुढचा हिशेब होई. चांगला ऊस लावणाऱ्याला चांगला दाम हे कागदावर तरी सरळ आहे.

पाचट बहुतेक भागात रानातच पसरतात, मग खोडव्याला तण कमी येतं आणि ओल टिकते. बर्डेकिनमध्ये मात्र अजून फड पेटवतात, कारण तिथे सरीतून पाणी देतात आणि पाचट त्याला अडवतं. संध्याकाळी आकाशभर धूर दिसला तर घाबरू नका, पण त्या धुरातून गाडी हाकू नका. होम हिल आणि एअरच्या मधला बर्डेकिन पूल १,१०३ मीटर लांब आहे, तो त्याच वाटेवर. मकायच्या दक्षिणेला सरायनात पर्यटकांसाठी छोटा कारखाना चालवून दाखवतात; फेरीचं बुकिंग आधी करा. टलीत ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट आहे. १९५० साली तिथे वर्षात ७,९०० मिलिमीटर पाऊस झाला, त्याची ती खूण. गगनबावड्याचा पाऊस पाहिलेल्यालाही थांबून मान वर करावी लागेल.

आणि ऊसतोडीचा इतिहास आपल्याला ओळखीचा वाटावा असाच. १८६३ ते १९०४ या काळात पॅसिफिक बेटांवरून सुमारे ६२,००० माणसं या शेतांवर राबायला आणली. कुणी फसवून, कुणी बळजबरीने, कुणी करारावर. मकाय परिसरात त्यांचे वंशज आजही राहतात.

प्रश्न: सौ.ना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. तब्येत बिघडली तर काय?
— एक वाचक, कागल

उत्तर: प्रवासविमा घेताना आधीचे आजार लिहून द्या आणि ते विम्यात धरल्याचं पत्र घ्या. भारतीय पर्यटकाला तिथली सरकारी आरोग्यसेवा, मेडिकेअर, मिळत नाही. ॲम्ब्युलन्सचं बिलही परदेशी माणसाला लागतं.

औषधं जास्तीत जास्त तीन महिन्यांची, मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या आणि उतरताना देशात शिरण्याच्या कार्डावर जाहीर करा. इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवायचं, सामानात टाकलं तर गोठण्याचा धोका. केबिनच्या फ्रिजमध्ये ते मागच्या भिंतीला चिकटवू नका, तिथेही गोठतं. गोठलेलं फेकून द्यावं लागतं. उन्हात उभ्या गाडीत कधीच ठेवू नका. क्वीन्सलंडचं घड्याळ आपल्यापुढे साडेचार तास, तेव्हा डोसाच्या वेळा कशा सरकवायच्या हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. गाडीत साखर हाताशी हवी. आणीबाणीचा नंबर ०००. मोबाइलवरून ११२ ही लागतो. सिमकार्ड टेल्स्ट्राचं घ्या, गावांबाहेर त्याचीच रेंज सर्वांत दूरवर पोहोचते.

प्रश्न: समुद्रात उतरता येईल का? मगरी असतात म्हणे.
— एक वाचक, शाहूपुरी

उत्तर: ग्लॅडस्टनजवळच्या बॉयन नदीपासून उत्तरेला खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा मुलूख. नदीच्या मुखाजवळ, खाडीत आणि तिवरांत पाण्यापासून निदान ५ मीटर लांब राहा, मासे धुवायला खाली वाकू नका. पोहायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच. उत्तरेत जेलीफिशचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. डंख झाला तर निदान ३० सेकंद व्हिनेगर ओतत राहा, चोळू नका आणि ००० लावा. किनाऱ्यावर व्हिनेगरची बाटली ठेवलेली असते. प्रवाळ बघायला बोटीने जाताना हृदयविकार असेल तर फॉर्मवर लपवू नका. तरंगायला जॅकेट देतात आणि एक माणूस तुमच्यावर नजर ठेवतो.

प्रश्न: कांदा-लसूण चटणी, तूप, लाडू नेऊ का? आणि कोल्हापुरी चप्पल?
— एक वाचिका, उद्यमनगर

उत्तर: दुधाचं काहीही नेऊ नका, म्हणजे तूप आणि तुपातले लाडूही घरीच. चटणी आणि मसाले दुकानातले, सीलबंद, किडीविरहित न्या आणि कार्डावर खाण्याच्या पदार्थांपुढे ‘हो’ लिहा. अधिकारी उघडून बघेल, नकोसं असेल ते टाकून देईल, त्यापुढे काही नाही. ‘नाही’ लिहून पकडलं गेलात तर मात्र जबर दंड, व्हिसाही जाऊ शकतो. चपलेची अडचण नाही, फक्त तळाला माती-शेण नको. नवी जोडीच न्या.