‘बूटलेगर’ला ‘हातभट्टीवाला’ म्हणावे काय?

विल्यम वेलमन यांच्या ‘द पब्लिक एनिमी’ (1931) या चित्रपटाची मराठी उपशीर्षके तयार करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, दारूबंदीच्या काळातील शिकागोत ‘बूटलेगर’ म्हणून, म्हणजे चोरट्या दारूचा धंदा करत, वावरणाऱ्या टॉम पॉवर्सला ‘हातभट्टीवाला’ म्हटले तर चालेल काय, आणि ‘स्पीकईझी’ला, म्हणजे विनापरवाना चोरून दारू विकणाऱ्या ठिकाणाला, ‘गुत्ता’ म्हणता येईल काय. माझे उत्तर दोन्ही बाबतींत ‘नाही’ असेच आहे; मात्र पहिल्या शब्दाच्या बाजूने खुद्द सरकारी दाखला निघतो, म्हणून त्याचा विचार आधी आणि जरा सविस्तर करतो.

वृत्तपत्रांत ‘एमपीडीए’ या नावाने येणारा महाराष्ट्राचा धोकादायक गुन्हेगारांना स्थानबद्ध करण्याचा 1981 चा जो कायदा आहे, त्याच्या इंग्रजी नावात ‘बूटलेगर्स’ हा शब्द आहे आणि अधिकृत मराठी नावात त्याच जागी ‘हातभट्टीवाले’ असे योजले आहे. कायद्यात ते खपून जाते, कारण तेथे शब्दाची व्याख्या दिलेली असते आणि तीत दारू गाळणाऱ्यापासून ती साठवणारा, वाहून नेणारा व विकणारा असे सगळेच बसवलेले आहेत. चित्रपटाच्या प्रेक्षकाला ही व्याख्या कोण वाचून दाखवणार? ‘हातभट्टी’ म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे ओढ्याकाठची झुडपे, गूळ आणि नवसागर घालून आंबवलेले रसायन, चुलीवर चढवलेले पिंप आणि नळीतून ठिबकणारी पहिल्या धारेची दारू उभी राहते. शब्दाचा सगळा भार गाळण्यावर आहे.

टॉम पॉवर्स काहीही गाळत नाही. बंदी आल्यावर तो आणि त्याचा मित्र मॅट पेट्रोलचा टँकर घेऊन सरकारी गोदामात शिरतात व तेथील दारू नळीने टँकरमध्ये भरून पळवतात. पुढे एका जुन्या ब्रुअरीच्या मालकाशी टोळीचे संधान जुळते आणि तेथील चोरटी बिअर अड्डेवाल्यांच्या गळ्यात मारण्याचे काम या दोघांकडे येते. जेम्स कॅग्नीने रंगवलेला टॉम म्हणजे दमदाटीने माल खपवणारा विक्रेता आहे. त्यातही बिअर आंबवून होते, भट्टीवर गाळून नव्हे. त्यामुळे युद्धावरून परतलेल्या भावाच्या, माईकच्या, स्वागतासाठी जेवणाच्या टेबलावर मधोमध मांडलेल्या पिंपाला ‘हातभट्टीची’ म्हटले, तर पिणाऱ्या प्रेक्षकाला हसू येईल आणि न पिणाऱ्याचा गैरसमज होईल.

मग काय म्हणावे? ‘दारू तस्कर’ हा शब्द गडचिरोलीसारख्या दारूबंदीच्या जिल्ह्यांतील बातम्यांत रुळलेला आहे, पण तो तेथे शेजारच्या जिल्ह्यातून किंवा राज्यातून माल आणणाऱ्याला लागतो. कॅनडातून सरोवर ओलांडून व्हिस्की आणणाऱ्याला तो चपखल बसेल. शिकागोतली बिअर शिकागोतच विकणाऱ्याला बसत नाही. संवादात मी ‘चोरट्या दारूचा धंदा’ किंवा पात्र रांगडे असेल तेथे ‘दारूचा दोन नंबरचा धंदा’ असे लिहीन, आणि चित्रपटाविषयीच्या लेखात सरळ ‘बूटलेगर’ ठेवीन. ‘मद्यविक्रेता’ मात्र टाळावा. त्याला परवान्याचा वास येतो.

परवान्याचाच मुद्दा ‘गुत्त्या’ला नडतो. गुत्ता म्हणजे मुळात मक्ता. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. दारू विकण्याचा मक्ता घेतलेले ठिकाण ते गुत्ता, म्हणजे ते सरकारमान्य ठरते. बोलण्यात हा शब्द आता सैल झाला आहे हे मान्य. पण ज्या जागेचे अस्तित्वच परवाना नसण्यावर आणि दबक्या आवाजावर उभे आहे, तिला तो देणे मला रुचत नाही. ‘स्पीकईझी’साठी ‘अड्डा’ आपल्याकडे तयार आहे. उलट, चित्रपटाच्या सुरुवातीच्या 1909 मधल्या प्रसंगात लहानगे टॉम आणि मॅट ज्या सलूनमधून बिअरची बादली घेऊन बाहेर पडतात, त्याला ‘गुत्ता’ म्हणायला हरकत नाही. ‘सलून’ तसेच ठेवले तर मराठी वाचक केस कापायला निघेल. याच हिशेबाने जानेवारी 1920 पूर्वी गुत्ता आणि नंतर अड्डा असा भेद उपशीर्षकांत सहज राखता येतो.

‘प्रोहिबिशन’साठी ‘दारूबंदी’ हाच शब्द वापरावा. ‘मद्यपानबंदी’ करू नये, कारण अमेरिकेच्या अठराव्या घटनादुरुस्तीने दारू बनवणे, विकणे व वाहून नेणे यांवर बंदी घातली होती, पिण्यावर नव्हे. बंदी लागू होण्याच्या आदल्या रात्री लोक बाबागाडीत बाळाऐवजी बाटल्या भरून घरी नेताना चित्रपटात दिसतात, त्याचा उलगडा यातूनच होतो: घरात आधीच साठवलेली दारू पिणे हा गुन्हा नव्हता.

‘हातभट्टीवाला’ हा शब्द मोडीत काढायचे कारण नाही. अ‍ॅपलाचियन डोंगरांत मक्याची दारू रात्री लपूनछपून गाळणारे जे ‘मूनशायनर’ होते, त्यांची कथा उपशीर्षकांसाठी हाती आली, तर तेथे तो निःशंक वापरावा.